जालिंदरनं न ओढलेली रेघ

आमच्या आणि जालिंदरच्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि ती बांधताना गवंड्यानं सिमेंट वाचवलंय. त्याच्याकडं मिरचीची फोडणी बसली की खोकला आमच्याकडं येतो. आमच्याकडं भांडण लागलं की त्याची बायको मनकर्णा स्वतःचा टीव्ही बारीक करते. त्यात माझी पिठाची गिरणी. दळण टाकून बाया गप उभ्या राहत नाहीत, आणि गिरणीच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं. सगळ्या गावाचं मला कळतं यात माझा काय गुन्हा, हे मी बायकोला वीस वर्षं विचारतोय.

जालिंदर कड्याला, म्हणजे जवळच्या बाजाराच्या गावात, एका डॉक्टरकडं बावीस वर्षं कंपाउंडर होता. आमच्या वाडीतून सायकलवर जायचा, नंतर लुनावर. त्याची एक खोड होती, तिला मी रोग म्हणायचो. त्याला चिठ्ठी लावल्याशिवाय काही ठेवता यायचं नाही. दवाखान्यातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या असतात हे ठीक, पण ह्याच्या घरातल्या डब्यांवरही चिकटपट्टीखाली चिठ्ठ्या: साखर, अमुक तारखेला भरली. हरभरा डाळ, अमुक तारखेला भरली. मनकर्णा म्हणायची, "येक दिवस माज्या बी पाटीवर लावत्याल. बायकू, अमुक तारकंला आनली."

डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडं पुण्याला गेले, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जालिंदर घरी बसला. तो रोज आपल्या ओट्यावर बसायचा आणि मी गिरणीतून त्याला चिडवायचो. असं वर्षभर चाललं. मग दोन हजार सोळा साली वैष्णवी आली.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून आली होती, पण मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या लिंबागणेशची, त्यामुळं बोलण्यात आपलेपणा होता. सोबत लॅपटॉप, बर्फाची पेटी आणि रक्त घ्यायच्या नळ्या. आमच्या भागात काही घरांत रातांधळेपणा आहे. पोर पाच-सहा वर्षांचं झालं की तिन्हीसांजेला धडपडायला लागतं, पुढं चाळिशीपर्यंत दिवसाचंही दिसेनासं होतं. त्याचा शोध घ्यायला ती आली होती.

मी विचारलं, "ताई, तुमी डॉक्टर हायसा का?"

"नाही काका. मी गणितवाली."

"मग रगत कावून घेता? गनिताला वही पुरती की."

ती हसली, आणि माझ्या गिरणीच्या दाराला लटकलेल्या किल्लीकडं बोट करून म्हणाली, "ह्या कुलपाला किल्ल्या किती?"

"दोन. येक माज्याकडं, येक हिच्याकडं."

"एक हरवली तर?"

"दुसरीनं उगडंल."

"आणि दोन्ही मोडल्या तर गिरणी बंद. तसंच आहे. प्रत्येक माणसाकडं ह्या डोळ्याच्या कामाच्या दोन किल्ल्या असतात, एक आईनं दिलेली, एक बापानं. एक मोडकी असली तरी माणसाला दिसतं, त्याला पत्ताही नसतो. दोन्ही मोडक्या मिळाल्या की मग अंधार."

"मग मोडकी कुनाकडं हाय त्ये कसं वळखायचं?"

"तेच गणित. बाहेरून दिसत नाही. म्हणून घराघराचं झाड काढायचं, कोण कुणाच्या पोटी, कोण कुणाला दिलेली. रक्तातली अक्षरं वाचायची. मग कॉम्प्युटरला सांगायचं, खापरपणज्यापासून आजपर्यंत किल्ल्या वाटून बघ. तो लाखो वेळा वाटतो. ज्या वाटणीतून आजचं गाव जसंच्या तसं निघतं, तेवढ्या ठेवायच्या. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो. त्यातून सांगता येतं, कुणाच्या पोराला धोका किती."

मी म्हणालो, "म्हंजी तुमी गावाची लग्नं कॉम्प्युटरात लाखदा लावता. आमची येकदाच लावली तर निस्तरंना."

तिला हसू आवरेना, आणि मला वाटलं आपण लई शहाणे.

तिला गावागावांतून रक्त घेणारा आणि झाडं काढणारा माणूस पाहिजे होता. जालिंदरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या बघून तिनं तिथल्या तिथं त्याला ठरवलं. त्याला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. ते घालून तो शेतात जायचा, लग्नाला जायचा. एकदा तर ते घालून सलूनमध्ये दाढीला बसला होता. मी त्याचं नाव डास ठेवलं. महिन्याभरात ते आष्टी तालुकाभर झालं. तो गावात शिरला की पोरं ओरडायची, डास आला. तो रागवायचा नाही. त्याला माणसात घेतलं गेलं होतं, तेवढ्यावर तो खूश होता.

झाडं मात्र देखणी काढायचा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला दिसत नाही तो काळा भरायचा. नात्यातलं लग्न असलं तर दोन रेघा. पट्टी लावून, बारीक अक्षरात. वैष्णवी म्हणायची, बाकीच्या गावांची झाडं मला दोनदा तपासावी लागतात, काकांचं सरळ घालते.

आता राधाकिशनच्या घराचं सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथंच अडलंय.

राधाकिशन थोरला, त्याची बायको छबुबाई. धाकटा हनुमान, त्याची बायको गीताबाई. दोन घरं, एक अंगण. गीताबाई गेवराईकडची. लग्न भर दुपारी लागलं आणि वऱ्हाड उन्हं उतरायच्या आत परत गेलं, तेव्हा कुणाच्या काही लक्षात आलं नाही. दिवस मावळल्यावर नवरीनं उंबऱ्याला ठेच खाल्ली. मग कळलं की हिला रातचं दिसत नाही. पण बाई गुणाची होती, घरानं सांभाळून घेतलं. आधी सुभद्रा झाली, मग अजिनाथ, मग विलास. विलासच्या वेळेपर्यंत तिची नजर लईच उतरली होती. एका तिन्हीसांजेला तिनं तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवलं असं तिला वाटलं, आणि ठेवलं पाळण्याच्या बाजूला. पोर वाचलं. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच छबुबाईकडं गेली. छबुबाईच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. विलासला तिच्या ओटीत घातलं. त्या दिवसापासून तो राधाकिशनचा. शाळेत, रेशनकार्डात, सगळीकडं.

आणि आमच्याकडं एक रीत आहे. ओटीत घातलेल्या पोराचं पुन्हा कुणी नाव काढत नाही. सगळ्यांना माहीत असतं, त्या पोरालाही कळतं, पण बोलायचं नाही. ते बोलणं म्हणजे दोन्ही आयांच्या तोंडावर मारल्यासारखं. मी गावाची कुठली गोष्ट पोटात ठेवली नाही, पण ही मीसुद्धा पन्नास वर्षांत कधी ओठावर आणली नव्हती. जालिंदरला तर दुप्पट धाक. विलासच्या वेळी सुईण म्हणून त्याचीच आई, बायनाबाई, होती, आणि तिनं त्याला शपथ घातलेली.

त्या अंगणातली रक्तं घेऊन झाल्यावर जालिंदर कागद घेऊन गिरणीवर आला. पीठ उडू नये म्हणून कागदावर दुसरा कागद धरलेला.

"येक इचारू का बे? इलासची रेघ कुनाखाली वढू?"

"रेशनकार्डात कुनाखाली हाय?"

"राधाकिशन."

"मग? तू सरकारपरीस शाना झालास का?"

तो हसला. माझ्याच ओट्यावर बसून त्यानं पट्टी लावली आणि विलासचा चौकोन राधाकिशन-छबुबाईच्या खाली जोडला. गीताबाईच्या काळ्या गोलाखाली सुभद्रा आणि अजिनाथ, दोघंच राहिले. मी वर म्हणालो, "झाड झ्याक आलंय, आता पानी घाल." हा विनोद मी कधीचा विसरलो असतो, पण तो दिवस विसरू देत नाही.

दोन महिन्यांनी वैष्णवीचा फोन आला. जालिंदर फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतो आणि भिंत कशी आहे ते मी सांगितलंच.

"काका, एक गडबड दिसतेय. विलास यांची नळी त्यांच्या आईवडिलांशी जुळत नाही. राधाकिशनकाकांशी पुतण्याएवढी जुळते, छबुबाईंशी अजिबात नाही. गीताबाईंशी मात्र पोटच्या मुलासारखी."

पलीकडं जालिंदरची खाट करकरली.

"अजिनाथची नळी पेटीत फुटली होती ना? मला वाटतं फुटली ती विलासची, आणि विलास म्हणून आमच्याकडं आहे ती अजिनाथची. चिठ्ठ्या बदलल्या असतील का?" मग थोडं थांबून ती म्हणाली, "का दुसरं काही आहे?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. भिंतीपलीकडं जालिंदर श्वास घेतोय ते ऐकू येत होतं.

"न्हाई मॅडम. दुसरं काय न्हाई. चिट्ट्याच बदलल्या आसत्याल. चूक माजी."

"असू द्या काका, होतं. मग ही नळी मी बाजूला काढते. विलासचं पुन्हा एकदा घेता येईल?"

"बगतो."

फोन ठेवल्यावर मनकर्णाचा आवाज आला, "तुमी आन् चिट्टी बदलली? मिठाच्या डब्यावर साकर लिवली न्हाई कदी."

"गप बस."

पुढच्या आठवड्यात त्यानं वैष्णवीला कळवलं की विलास पुन्हा रक्त द्यायला नाही म्हणतो. विलासला त्यानं विचारलंही नव्हतं. त्याच आठवड्यात विलास माझ्याकडं ज्वारी घेऊन आला होता आणि मला विचारत होता, "आमच्या रगताचं काय झालं ओ? जालूभाऊ काय बोलंना." मी म्हणालो, "डास पिऊन गेला." तोही हसला, मीही हसलो.

आपल्या कामाबद्दल ज्याला एवढा तोरा, त्यानं न केलेली चूक अंगावर घेतली. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं. माणूस रीत सांभाळतोय, म्हटलं. नळी गेली, पण कागदावरचं झाड तसंच राहिलं, आणि कॉम्प्युटर त्यावर किल्ल्या वाटत बसला.

दोन वर्षांनी वैष्णवीनं शाळेत शिबिर घेतलं. सोबत डोळ्यांचे डॉक्टर होते. घरटी बोलवायचं, झाड समोर ठेवायचं आणि समजावून सांगायचं. मी चहासाठी गेलतो. विलासचा नंबर आला. त्याची चैताली तेव्हा वीस वर्षांची, आणि सुभद्राचा अमरसिंह कड्याच्या कारखान्यात चिकटलेला. आमच्याकडं आत्याच्या पोरानं मामाची पोरगी करणं हे चांगलंच समजतात. अमरसिंह लहानपणापासून विलासला मामा म्हणायचा. कागदावर चुलत मामा, पण मामा म्हणताना कोण चुलत न् सख्खं बघतो. दोन्ही घरांत बोलणं होत आलं होतं.

विलास टोपी हातात घेऊन उभा. "मॅडम, पोरीचं जुळवावं का सुबद्राआक्काच्या घरात? आमच्या गीताकाकूचं तुमाला ठावंच हाय. तिचा आजार आमच्यात येयाला नगं."

म्हणजे त्यानं विचारलं. आपल्या तोंडानं गीताबाईला काकू म्हणूनच विचारलं, कारण जन्मभर तेच म्हणत आला होता.

वैष्णवीनं लॅपटॉपवर बघितलं. "गीताबाईंची मोडकी किल्ली सुभद्राबाईंकडं नक्की आली आहे. अमरसिंहकडं असेल किंवा नसेल. पण चैतालीच्या बाजूनं गीताबाईंचं रक्त येतच नाही. ती राधाकिशन आणि छबुबाईंची नात. त्यामुळं ह्या दोघांच्या मुलाला धोका अगदी कमी, हजारात एखादा. काळजी करू नका."

मॅडम रीत पाळून तसं बोलतायत, रक्तातलं खरं त्यांना कळलंच असणार, असं धरून विलासनं टोपी घातली. तेवढ्यात जालिंदर, जो कोपऱ्यात नळ्या मोजत होता, तो मध्येच बोलला.

"मॅडम, झाडात येकांदी रेघ चुकली आसंल तर?"

"तर उत्तर चुकेल, काका. कॉम्प्युटरला रेघेच्या बाहेरचं काही दिसत नाही." मग ती डॉक्टरांकडं वळून म्हणाली, "पण हे आमचे जालिंदरकाका. ह्यांच्या झाडात मला एकही रेघ बदलावी लागली नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडं बघून मान हलवली. जालिंदरचं तोंड उजळलं. मी स्वतः बघितलंय, गळ्यातलं ओळखपत्र त्यानं नीट सरळ केलं. आणि पुढचं नाव पुकारलं.

लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी जालिंदर गिरणीवर आला. गिऱ्हाईक नव्हतं. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला, पण मला दाखवला नाही.

"सोळात येक म्हंजी लई आसतंय का बे?"

"कशात?"

"आसंच. सोळात येक."

"म्हंजी पंदरा चांगले की. आमच्या घरात तर दोनात येक हाय, आन् त्यो मीच."

त्यानं कागद खिशात घातला आणि गेला. नंतर कितीतरी वर्षांनी, सगळं उघड झाल्यावर, त्यानं तो मला दाखवला. त्यावर पेन्सिलीनं खरं झाड होतं. गीताबाईच्या काळ्या गोलाखाली तीन रेघा. तिच्या दोन्ही किल्ल्या मोडक्या, म्हणजे सुभद्राकडं एक मोडकी नक्की, विलासकडं एक नक्की. पुढं अमरसिंहकडं येण्याचा संभव निम्मा, चैतालीकडं निम्मा. दोघांकडं आली तर लेकराला चारात एक. वैष्णवीच्या हाताखाली दोन वर्षांत तो एवढं गणित शिकला होता, आणि ते बरोबर होतं. मॉडेलनं हजारात एक सांगितलेलं होतं ते खरं तर सोळात एक होतं, आणि हे त्या मांडवात एकट्या जालिंदरला माहीत होतं.

पण मलाही निम्मं माहीत होतं. विलास कुणाचा ते माहीत होतं, वैष्णवीनं काय सांगितलं ते ऐकलं होतं. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवायला मला कॉम्प्युटर लागत नव्हता. मी ठेवल्या नाहीत. मी लग्नात व्याह्यांच्या पगड्यांवर विनोद करत होतो.

पुढच्या वर्षी चैतालीला मुलगी झाली, सुकन्या. टपोऱ्या डोळ्यांची. मधल्या काळात गीताबाई गेली, राधाकिशन गेला. वैष्णवीचं काम आमच्याकडलं संपलं, दुसऱ्या जिल्ह्यातलं सुरू झालं. जालिंदर तिच्या सांगण्यावरून अधूनमधून तिकडं जायचा. सुकन्याच्या बारशाला, वाढदिवसाला तो न चुकता जायचा आणि तिच्यासमोर खुळखुळा धरून बघत बसायचा. मी म्हणायचो, ह्याला नात न्हाई म्हनून दुसऱ्याची उसनी घेतो.

मागच्या दिवाळीला चैताली माहेरी आली होती. संध्याकाळी दळण घेऊन गिरणीवर आली, सोबत सुकन्या, सहा वर्षांची. आत जरा अंधारच असतो. पोर पुढं आली ती सरळ पिठाच्या डब्यात. डबा पालथा, पोर पांढरी.

मी म्हणालो, "काय गं, डोळे शाळंत ठिवून आलीस काय?"

चैताली हसली, बाया हसल्या. जालिंदर पायरीवर बसलेला होता, तो हसला नाही. उठून आत आला, पोरीसमोर गुडघ्यावर बसला आणि हात पुढं केला. हातात त्याचा पांढरा रुमाल होता.

"सुकन्या, माज्या हातात काय हाय सांग बरं."

पोर इकडंतिकडं बघत राहिली. "कुटं हाय हात?"

मी गिरणी बंद केली. पोरीचं बोलणं तोवर सगळ्या बायांना ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालिंदर मला म्हणाला, "चल माज्यासंगं. येकट्याला जमत न्हाई." आम्ही छबुबाईकडं गेलो. ती अंगणात सुपात तूर घेऊन खडे निवडत बसली होती.

"ये रं डासा. आता काय नेतोस? माज्यात रगत उरलं न्हाई."

जालिंदर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. रेघ, नळी, फोन, शिबिर. ती निवडतच राहिली. शेवटी तिचा हात थांबला.

"म्हंजी तू कागदावर इलासला माज्या पोटचा लिवलास."

"व्हय काकू."

"कावून?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून."

"मला इचारलंस?"

त्यानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आई मीच हाय त्याची. रगत गीताचं हाय. ह्यात झाकायसारकं काय हुतं? गावाला ठावं, त्याला ठावं, मला ठावं. त्या तुज्या कॉम्प्युटरलाच तेवडं ठावं न्हवतं, आन् सांगायचं तर त्यालाच हुतं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "गीता मरूस्तवर माज्या हाताला धरून परसाकडं जायाची. तिच्या डोळ्यांचं जे झालं त्ये मी रोज बगितलंय. माज्या नातीच्या पोरीला त्ये हुईल आसं कळलं आसतं, तर मी लाज धरली आसती का रं? तुमी दोगं माज्या दारावरनं रोज जाता. येक दिस आत आला न्हाईत."

तिनं 'दोगं' म्हटलं, म्हणजे मलाही धरलं होतं.

"इलासला तू सांग," ती म्हणाली. "मी न्हाई सांगनार."

विलासला त्यानं गोठ्यात गाठून सांगितलं. मी दारात उभा होतो. मला वाटलं विलास हात उगारणार. त्यानं वैरणीची पेंढी खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "मी तुमाला मारलं आसतं का जालूभाऊ?"

"न्हाई."

"आईनं हाकललं आसतं?"

"न्हाई."

"मग?"

आम्ही दोघं ज्याला घाबरून गप्प बसलो होतो असा माणूस त्या घरात कुणीच नव्हता.

विलासनं बाही वर सारली. "घ्या. परत घ्या."

विलास, चैताली, अमरसिंह, सुकन्या, चौघांचं रक्त गेलं. जालिंदरनं नवीन झाड काढलं. पट्टी लावून, तसंच देखणं. गीताबाईखाली तीन रेघा, आणि चैताली-अमरसिंहच्या मध्ये दोन. राधाकिशन-छबुबाईपासून विलासपर्यंत त्यानं तुटक रेघ काढली. ओटीत घेतल्याची तशी खूण असते म्हणे. म्हणजे त्या कागदात ओटीतल्या पोरालाही जागा पहिल्यापासून होती.

वैष्णवीला त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काका, मी पण दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. मी आपल्याच भागातली, मला शंका यायला हवी होती. पण ती एक नळी काढली की मॉडेल इतकं छान जुळत होतं." ती रडत होती का ते भिंतीतून कळलं नाही.

निकाल महिन्यानं आला. कारखान्याला सुट्टी होती, त्यामुळं अमरसिंहही आला होता. विलासच्या अंगणात सगळे बसले, फोन मध्ये ठेवला. वैष्णवीनं सावकाश सांगितलं. अमरसिंहकडं एक मोडकी, चैतालीकडं एक मोडकी. सुकन्याला दोन्ही मिळाल्यात. पुढच्या लेकराला चारात एक. ह्यावर आज तरी औषध नाही, पण कुठं कुठं प्रयोग चाललेत, सुकन्याचं नाव तिनं नोंदवलंय. शाळेत पुढच्या बाकावर बसवा, उन्हं उतरली की एकटी सोडू नका.

चैतालीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, येकच इचारते. ह्ये लग्नाआदी कळलं आसतं का?"

"हो," वैष्णवी म्हणाली.

फोन बंद झाला. मी तोंड उघडलं, काहीतरी हलकं बोलावं म्हणून, आणि मिटलं.

जालिंदर तुळशीपाशी उभा होता. तो म्हणाला, "चैताली, मला ठावं हुतं."

"रेगंचं ना? सांगितलं बाबानं."

"न्हाई. सोळात येक. मी काडलं हुतं गनित."

"कदी?"

"तुज्या हळदीच्या आदल्या दिशी."

हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. अमरसिंह उठला आणि अंगणाबाहेर निघून गेला. विलास खाली जमिनीकडं बघत राहिला. चैताली जालिंदरकडं बघत होती, नजर न हलवता, आणि तोही तिथून हलला नाही.

दिवस मावळत आला होता. चैतालीनं पदर खोचला आणि अंगणाच्या पलीकडं खेळणाऱ्या पोरीला हाक मारली. पोरगी आवाजाकडं वळली, पण पाऊल टाकेना. तेव्हा चैताली स्वतः गेली, तिला कडेवर घेतलं आणि आमच्यापैकी कुणाकडंही न बघता घरात गेली.